चांद असलेलं पातेलं

अब्बा,

परवा भोकरदनच्या पलीकडच्या एका गावात, एका घराच्या स्वयंपाकघरात मला तुमचा चांद दिसला. पितळेचं पातेलं उपडं घातलेलं होतं आणि त्याच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, नखाएवढी कथलाची कोर होती. पातेल्याचं पितळ काळवंडलं होतं, पण कोर अजून पांढरी. मी हातातलं यंत्र खाली ठेवलं आणि बोटाने ती कोर चाचपून पाहिली. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की घरी गेल्यावर अब्बांना सांगू, तुमचं एक भांडं भेटलं म्हणून.

हे मी मराठीत लिहितेय याचं तुम्हाला हसू येईल. घरात आपण कधी मराठी बोललो नाही. पण घरात बोलायचो ती भाषा मला लिहिता येत नाही, आणि मला मराठी शाळेत तुम्हीच घातलं, अम्मीचं आणि निम्म्या मोहल्ल्याचं न ऐकता. 'गिऱ्हाक मराठी बोलता, चिठ्ठी मराठी में आती, घर में एक जन तो पढनेवाला होना,' असं तुमचं म्हणणं. अमक्या तारखेला लग्न आहे, भांडी आणतो, भट्टी पेटवून ठेवा, अशा चिठ्ठ्या गावांकडून यायच्या आणि त्या मी वाचून दाखवायची. तुम्हाला कुठलीच लिपी येत नव्हती. त्यामुळे तुम्ही असतात तरी हे पत्र पोचलं नसतं, मलाच समोर बसून वाचावं लागलं असतं. इतकी वर्षं लिहिलं नाही त्याचं कारण बहुतेक हेच असेल.

आधी मी काय काम करते ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुमची समजूत होती की मी जन्मभर सुया टोचणार. टोचल्या, पुष्कळ टोचल्या. आता मात्र मी एका संशोधनाच्या कामावर आहे. आपल्या भागातल्या लहान पोरांच्या अंगात रक्त कमी असतं. त्यांना लोहाचं औषध देतात, बहुतेक पोरं दोन-तीन महिन्यांत तरतरीत होतात. काही होत नाहीत. औषध तेच, डोस तोच, आई नेमाने पाजते, तरी पोरगं पांढरंफटकच. का? एवढा एकच प्रश्न आहे आमचा. त्यासाठी मी गावोगाव फिरते. घरच्यांना सगळं समजावून सांगते, त्यांची सही नाहीतर अंगठा घेते, पोराचं रक्त घेते आणि मग घरभर चौकशा करत बसते. पोर काय खातं, कशात खातं, माती खातं का, काजळ कुठलं, हळद कुठली, बाप कशाच्या कारखान्यात आहे. तुम्ही म्हणायचात ना, ये लडकी जान खा जाती सवाल पूछ-पूछ के. त्याच सवयीचा मला आता पगार मिळतो.

या कारणांमधलं एक कारण आहे शिसं. शिसं पोटात गेलं की रक्त तयार व्हायचं काम बिघडतं, आणि त्यातली वाईट खोड अशी की अंगात लोह कमी असलं की शिसं जास्तच शोषलं जातं. म्हणजे जे पोर आधीच अशक्त, त्यालाच ते जास्त बाधतं. घरातल्या कुठल्या वस्तूत शिसं आहे हे बघायला एक यंत्र आहे, भिंतीला भोकं पाडायच्या मशीनसारखं दिसणारं. वस्तूवर टेकवायचं, घोडा दाबायचा, थोडं थांबायचं, की त्यात कोणता धातू किती ते पडद्यावर येतं. शहरातून ते थोड्या दिवसांसाठी मागून आणावं लागतं. पहिल्यांदा ते हातात घेतलं तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या घरी हे काम कानाने व्हायचं.

जुन्या जालन्यातलं आपलं कलईचं दुकान म्हणजे दोन धान्याच्या दुकानांमधली अडीच हातांची जागा, मागे आपलं घर. जमिनीत भट्टी, तिला भाता, बाजूला वाळूचा ढीग आणि पाण्याची टाकी. मी पायरीवर बसून शाळेचा अभ्यास करायची आणि तुम्ही तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकलात की पांढरा धूर माझ्या वहीवर यायचा. मग तुम्ही कथलाची सळई आत फिरवायचात, कापसाच्या बोळ्याने एक हात मारायचात आणि काळं पातेलं आतून चांदीचं होऊन जायचं. हे मी हजार वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी वही खाली ठेवून बघायची. पण मला त्याहून आवडायचं ते आधीचं. नवी सळई आली की तुम्ही ती कानाशी धरून हळूच वाकवायचात. मग मला बोलावून माझ्या कानाशी वाकवायचात. आत काहीतरी करकरायचं, कण्हल्यासारखं.

"रोरी क्या?"

"हौ अब्बा, रोरी."

"असली है. मोडे तो दुखता उसकू."

शिसं मिसळलेलं कथील रडत नाही, ते मुकं असतं, हे मला तुम्ही सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं. धातूच्या आतले कण एकमेकांवर सरकतात म्हणून तो आवाज येतो, हे पुढे पुस्तकात वाचलं. वाचून आनंद झाला, पण खरं सांगते, दुखतं म्हणून रडतं हेच मला जास्त पटलेलं होतं.

मी दहा वर्षांची असतानाची ती लग्नसराई तुम्हाला आठवते का? कथील एकदम महागलं होतं आणि मिळतही नव्हतं. भांड्यांचे ढीग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत आले होते, प्रत्येकावर नाव घातलेलं, प्रत्येकाला घाई. तुम्ही कुठल्याशा व्यापाऱ्याकडून सळयांचा जुडगा आणलात. एक कानाशी वाकवलीत. दुसरी वाकवलीत. मग तिसरी. मी पायरीवरून उठून आले, तुम्ही बोलावलं नव्हतं तरी, आणि कान लावला. समोर गावाकडच्या दोन बायका बसल्या होत्या.

"अब्बा, ये तो रोईच नहीं," मी म्हणाले.

"चुप बैठ. अंदर जा."

तुम्ही माझ्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता. मी आत गेले आणि अम्मीजवळ बसले. थोड्या वेळाने भात्याचा आवाज यायला लागला आणि मग नवसागराचा वास. म्हणजे तुम्ही ती सळई वापरलीत. मला ते तेव्हाही कळलं होतं. फक्त त्यात एवढं काय आहे ते कळलं नव्हतं.

त्याच दिवसांत भांड्यांना चांद यायला लागला. सगळ्यांना नाही, अधल्यामधल्या एखाद्याला. कलई झाली की तुम्ही भांडं उपडं करायचात आणि त्याच सळईने बाहेरून बुडाशी एक छोटी कोर काढायचात. मी समजले की तुम्ही सही करायला लागलात. नाव लिहिता येत नाही म्हणून चांद. मला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की मी माझा तांब्याचा गिलास घेऊन आले, माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही दिलेला, आणि म्हटलं, यालाही काढा.

"तेरे गिलास कू नक्को."

"क्यूं नक्को?"

"नक्को बोला ना."

परक्यांच्या पातेल्यांना चांद आणि माझ्या गिलासाला नाही! मी रुसले, आणि मी रुसले की नुसती बसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. खिळा घेतला आणि गिलासाच्या बुडाला स्वतःच कोर कोरली. वाकडीतिकडी, पण चांदच. संध्याकाळी तुम्ही ती पाहिलीत आणि मला थोबाडीत मारलीत. उभ्या जन्मात तेवढी एकदाच. अम्मी पदराला हात पुसत बाहेर आली आणि तुमच्याकडे बघतच राहिली. तुम्ही गिलास दुकानात नेलात, वाळूने घासून घासून माझा चांद पुसून काढलात आणि आतून नवी कलई केलीत. मी दाराआडून बघत होते. तुम्ही पेटीतून एक सळई काढून कानाशी वाकवलीत आणि ठेवून दिलीत. मग दुसरी, तीही ठेवलीत. तिसरीला थांबलात. दुसऱ्या दिवशी गिलास माझ्या उशाशी होता, झगझगीत, बिनचांदाचा. मी त्यातून एक घोट पाणी प्यायले नाही. पुढे त्यात पेनं ठेवायला लागले आणि अजून ठेवते. माणसाने इतकं हट्टी असू नये, पण ते मी कुणाकडून घेतलं?

आता परवाचं. चार वर्षांची पोरगी आहे, डोळे मोठे, हात काटकुळे. तिला अशक्तपणा आधीपासूनच होता. आम्ही लोहाचं औषध सुरू केलं आणि ती सुधारायच्या ऐवजी खालीच जायला लागली. जेवण सुटलं, पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडायची. रक्तात शिसं निघालं, चांगलंच निघालं. मग आमच्या डॉक्टर मॅडम आणि मी यंत्र घेऊन तिच्या घरी गेलो. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, हुशार आहेत, आणि मला सिस्टर म्हणतात. घरात पोरीची आई, आणि पोरीची आजी, साठीच्या आतबाहेरची, तोंडाने सतत चालू. मॅडम आईशी बोलत होत्या. मी भिंतीचा रंग बघितला, हळद, तिखट, काजळाची डबी, प्लास्टिकची बाहुली, ॲल्युमिनियमची कढई, स्टीलचे डबे. काहीच नाही. मग आजीने चुलीच्या अंगाला पालथं घातलेलं पातेलं सरकवलं.

"हे तेवढं ऱ्हायलं बघा. पण याला कशाला लावता मशीन? हे लई गुणाचं पातेलं हाय."

मी विचारलं, गुणाचं म्हणजे?

"चांद हाय न्हाई का त्याच्यावर," ती म्हणाली. मग मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार.

"माझ्या ननंदंचं लगीन हुतं. घरातली समदी भांडी जालन्याला कलईला नेल्ती. परत आली तं याच एकाला चांद. आमी म्हनलं काढला असंल हौसेनं. मंग दोन म्हैन्यांनी तो कलईवाला सोताच गावात आल्ता. खांद्यावर भाता, आन गल्लीगल्लीत वरडून राह्यला, चांदवाली भांडी आणा, फुकट कलई करून देतो. आता सांगा ताई, फुकट कोन काय करून देतंय? माझी सासू लई हुशार. ती म्हनली, याच्यात कथील जादा पडलं असंल बराबर, आता खरडून न्यायला आलाय. तिनं पातेलं ज्वारीच्या कोठीत पुरलं. शेजारच्या काकूनं चुलीमागं लपवलं. आख्ख्या गल्लीत कुनी भांडं काढलं न्हाई. म्हैन्याभरानं अजून एकदा आल्ता बिचारा. तवा बी तसाच गेला."

आणि ती हसली. पोरीची आईही हसली. मॅडमसुद्धा हसल्या. मला तुमचा खांदा दिसत होता, भात्याच्या पट्ट्याने घासून काळा पडलेला.

"तवापासून हे कधी वापरलंच न्हाई," आजी म्हणाली. "लक्ष्म्यांच्या सणाला तेवढं काढायचं, धान भरून पुढं ठेवायचं. म्हनून तं कलई अशी नव्यावानी हाय. औंदा पोरगी वाळून चालली तं म्या म्हनलं, गुणाचं हाय, काढावं. त्याच्यात आंबील करते. त्याच्यातच मुरू देते, आंबट झाली की पोरीला पेलाभर देते."

"रोज?"

"रोज. एक दिस खाडा न्हाई."

मी यंत्र पातेल्याच्या आत टेकवलं. मग बाहेर नुसत्या पितळावर, कारण पितळातही थोडं शिसं असतं आणि फरक बघावा लागतो. बाहेर थोडंच होतं. आत पडदाभर शिसं. शेवटी मी ते कोरीवर टेकवलं. ते आमच्या यादीत नव्हतं, मॅडमनी वर पाहिलं. कोरीत आणि आतल्या कलईत एकच माल होता. आणि तेव्हा मला कळलं, अब्बा. तेहतीस वर्षांनी, चुलीपुढे उकिडवं बसून. तो चांद सही नव्हता. ज्या भांड्यात मुकं कथील गेलं ते पुढे ओळखू यावं, परत घेऊन नीट करता यावं, म्हणून ती खूण होती. माझ्या गिलासावर चांद उमटला तेव्हा तुम्हाला कसला धक्का बसला असेल ते आज समजतंय. थोबाडीतही आज समजली.

आजीला सांगावं तर लागणारच होतं. पातेल्यातली कलई खराब आहे, आंबट घातलं की त्यातलं विष उतरतं, पोरीला त्यातलं काही देऊ नका, हे पातेलं आम्ही तपासायला नेतो. एवढं मी सांगितलं. तिचं हसणं गेलं. पातेल्याकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे म्या पाजलं. रोज उठून म्या पाजलं." पोरीच्या आईने पोरीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं, आणि आजीने ते पाहिलं. मी म्हटलं, तुमची यात काही चूक नाही. तिने विचारलं, "मंग कुनाची? तो कलईवाला जालन्याचाच हुता. तुमी बी तिकडच्याच. वळखता का त्याला?"

मी म्हणाले, नाही.

आणि फॉर्ममध्ये एक ओळ असते, 'भांड्याला कलई कुणी व कुठे केली?' तिथेही मी लिहिलं, माहीत नाही. खाली सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं की कुणाला शंका येऊ नये.

परत येताना जीपमध्ये मी तुम्हाला मनातल्या मनात दुसराच फॉर्म भरायला लावला. मुकं कथील पोटाला वाईट हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या उस्तादांनी? की तुम्ही कुठे काही पाहिलं होतं? आंबटाचं ठाऊक होतं का? तो एकच जुडगा होता की आणखीही आणले? त्या वर्षात किती चांद काढलेत, मोजले होते का? तुम्हाला मधूनमधून पोटात कळ यायची आणि दुकान अर्धं बंद करून तुम्ही आडवे व्हायचात, ते कशाने? तुमच्या हिरड्यांवर निळसर रेघ होती का? शिशाने तशी येते. मला आठवतच नाही, तुम्ही हसताना तोंडावर हात धरायचात. तुमचं रक्त कधी कुणी तपासलं नाही, आणि मी शिकले तेव्हा तपासायला तुम्ही नव्हता. एकाही प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असून मी प्रश्न काढतच होते. सवय, दुसरं काय.

पण एका प्रश्नावर मी अडकले आणि मला राग आला. खरा राग, तुमच्यावर. तुम्ही एस.टी.च्या टपावर भाता टाकून दोनदा त्या गावात गेलात, अशी आणखी किती गावं केलीत देव जाणे, ऊन खाल्लंत, बायकांचं हसू करून घेतलंत, मग तो एक शब्द का नाही बोललात? फुकट कलई करून देतो म्हणालात. कथील खराब निघालंय, त्यात शिसं आहे, असं का नाही म्हणालात? सासूने पातेलं कोठीत पुरलं नसतं. पण म्हणाला असतात तर दुसऱ्या दिवसापासून आपल्या दुकानात कुणी वाटी घेऊन आलं नसतं, हेही मला दिसतं. लोक कलईवाल्याच्या हातावर विश्वास टाकून जेवतात. तो गेला की गेला. म्हणून तुम्ही अर्धं बोललात आणि अर्धं गिळलंत. आणि मी तरी काय केलं? पातेलं खराब आहे म्हणाले, कुणी केलं ते गिळलं. तुमच्या अर्ध्या बोलण्याने भांडी लपली. माझ्या अर्ध्या बोलण्याने ती लपलेलीच राहणार होती, कारण चांद कसला हे सांगितल्याशिवाय चांद शोधायचा कसा? शिवाय त्या आजीच्या डोक्यावर मी जे ठेवून आले होते ते तिचं नव्हतंच, ते आपल्या घरचं होतं.

काल सकाळी मी तो फॉर्म काढला. आमच्याकडे लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नसतं, पांढरा रंगही लावायचा नसतो. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. मी 'माहीत नाही'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, माझे वडील, जुना जालना. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या घरचाच संबंध आला, आता ही पोरगी मला तुमच्या यादीतून काढावी लागेल. तुम्हाला समजतंय ना?" मी म्हटलं, समजतंय. त्यांनी विचारलं, "असे चांद किती असतील?" आणि आता मात्र मी खरोखरच म्हणाले, माहीत नाही.

दुपारी मी एकटीच त्या गावी गेले. आजी ओट्यावर तूर निवडत होती, सुनेपासून लांब. मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं, तो कलईवाला माझा बाप होता. कथील खराब आहे हे त्याला ठाऊक होतं. चांद त्याने त्याचसाठी काढला होता आणि तो भांडी परत नीट करायलाच आला होता, पण खरं कारण त्याने सांगितलं नाही. तुम्ही पोरीला पाजलं त्यात तुमचा काही दोष नाही. ऐकताना तिने तूर निवडायचं थांबवलं नाही. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. तिने दिल्याही थोड्या. "सांगायचं हुतं की मंग त्या भाड्यानं," ती म्हणाली. मग लगेच माझ्याकडे बघून, "तुमचा बाप हाय, पन सांगायचं हुतं."

"हो," मी म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."

थोड्या वेळाने ती पदर झटकून उठली आणि ओट्याच्या कडेला जाऊन शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडली, "अगं ए, तुझ्या सासूनं चुलीमागं लपवलेलं ते चांदाचं काढ गं बाहीर! त्याच्यात इख हाय! आन खालच्या आळीला बी निरोप दे!" पुन्हा ओरडली, आणखी मोठ्याने. तुम्ही ज्या गल्लीत ओरडलात त्याच गल्लीत, अब्बा. उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर तीन भांडी आली. एका पातेल्याचा चांद झिजून पुसट झाला होता, पण मला ओळखू आला. एका तपेल्याची कलई आतून पार उडून गेली होती. ती कुणाच्या पोटात गेली ते विचारायला आता कुणी नाही.

पोरीचं म्हणाल तर पातेलं थांबलंय, औषध चालू आहे, तिला मोठ्या दवाखान्यातही दाखवायचं आहे. थोड्या आठवड्यांनी रक्त पुन्हा बघतील. ते मी घेणार नाही, दुसरी सिस्टर घेईल. सावरेल असं मॅडमना वाटतंय. मला तर ती सावरायलाच हवी आहे.

एक सांगायचं राहिलं. यंत्र शहरात परत पाठवायच्या आधी मी ते आज दुपारी घरी आणलं होतं. तसं आणायची परवानगी नसते. टेबलावरच्या माझ्या गिलासातली पेनं काढली, आत टेकवलं आणि घोडा दाबला. तुमच्यावर माझा विश्वास नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. नुसतं कथील निघालं. शिशाचा कण नाही. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आणि मग त्या आनंदाची इतकी लाज वाटली की गिलास पालथा घालून ठेवला. माझ्या एका गिलासासाठी, रडणारी सापडेपर्यंत, तुम्ही तीन सळया कानाशी वाकवून पाहिल्या होत्या.